सरांचे राहिलेले पुस्तक

डॉ. दिनकर वैरागडे यांना मी पहिल्यांदा भेटले तेव्हा रायपूरला राजधानी होऊन फार दिवस झाले नव्हते. कचेऱ्यांच्या पाट्या बदलत होत्या आणि जो तो शेजाऱ्याला, तुम्ही मूळचे कुठले, असे विचारू लागला होता. माझे आजोबा भंडाऱ्याकडून रेल्वेच्या नोकरीसाठी आलेले, वडिलांचा जन्म इथला, माझाही इथलाच. तरी तो प्रश्न आमच्या दारात यायचाच. मराठीत एम. ए. झाल्यावर संशोधन करायचे म्हणून मी चौबे कॉलोनीत सरांच्या घरी गेले, तेव्हा पुस्तकी मराठीतली चार वाक्ये पाठ करून गेले होते. सरांनी ती शांतपणे ऐकली आणि विचारले, शेवटचा सिनेमा कोणता पाहिला? तो सांग. मी सांगितला. नावे, क्रम, शेवट, सगळे बिनचूक. सर हसून म्हणाले, "हा सिनेमा नाही झाला, पंचनामा झाला."

तेव्हा मला ती थट्टा वाटली. ते माझे अचूक निदान होते हे कळेपर्यंत उशीर झाला होता.

सरांच्या कामाविषयी या गौरवग्रंथात जाणकारांनी लिहिलेच आहे, म्हणून मी फक्त त्यांची रीत सांगते. विदर्भातून येऊन रायपुरात रुजलेल्या मराठी घरांची भाषा आणि त्यांची ओळख हा त्यांचा विषय. पण ते कुणालाही, मराठीत बोला, असे कधी म्हणाले नाहीत. तसे म्हटले की माणूस सभेला उभा राहिल्यासारखा बोलतो, असा त्यांचा अनुभव होता. ते टेपरेकॉर्डर सुरू करायचे आणि पाहिलेला सिनेमा सांगायला लावायचे. मग बायका मोकळ्या व्हायच्या. सिनेमा हिंदी असायचा. डायलॉग हिंदीत यायचे, रडणे मात्र मराठीत. मध्येच होकाराचे एखादे छत्तीसगढी 'हव' यायचे आणि नायिका बघता बघता आपल्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, नळावर पाणी भरायला जायची. कथा बदलायची, कधी शेवटही बदलायचा. सर म्हणत, "सिनेमा सगळे एकच पाहतात, घरी नेतात आपापला." त्या बदललेल्या कथांमध्ये माणसे स्वतःला कशी सांगतात, हेच त्यांना शोधायचे होते.

टेपवरचे बोलणे कागदावर उतरले की सर तो कागद घेऊन त्या बाईच्या घरी जात आणि तिला वाचून दाखवत. ती 'हव' म्हणाली तरच तो कागद पक्का. तोवर त्या कॅसेटवर दुसरे काही भरायचे नाही. विद्यापीठातले लोक या पायपिटीला हसत. ज्याचे बोलणे आहे त्याला ते परत दाखवायला नको का, एवढेच सरांचे उत्तर असे.

आता मला जे सांगायचे आहे ते संपादकांनी मागितलेले नाही. त्यांनी सरांच्या विद्वत्तेवर हजार शब्द मागितले आहेत. पण आपल्या वर्तुळात इतकी वर्षे एक वाक्य फिरते आहे, की सर मोठे अभ्यासू, पण पुस्तक काही त्यांच्या हातून झाले नाही. कुणी त्यांना आळशी म्हणतात, कुणी चेंगट. सरांच्या पुस्तकाला अजून मुहूर्त लागायचाय, ही थट्टा तर मी पानावर बसल्या बसल्याही ऐकली आहे. ते पुस्तक माझ्यामुळे राहिले. हे आज सरांच्या हयातीत छापले जावे, म्हणून मी लिहायला बसले.

पुस्तकाचे काम चालू होते त्या वर्षी सर टायफॉइडने दोन महिने अंथरुणाला खिळले होते. बायकांकडून टेपा भरून आणण्याचे आणि त्या कागदावर उतरवण्याचे काम माझ्याकडे होते. सर उठतील तेव्हा सगळे काम पुरे करून त्यांच्यासमोर ठेवावे, असे मला फार वाटत होते. मी कागदावर उतरवू लागले आणि मला जागोजाग चुका दिसू लागल्या. या बाईने शेवट भलताच सांगितला, त्या बाईने दोन सिनेमे एकात मिसळले. ते सिनेमे मी पाहिलेले होते. बाहेरचे लोक हे वाचून आपल्या बायकांना अडाणी म्हणतील, याची मला लाज वाटली. म्हणून मी कथा दुरुस्त केल्या. सिनेमात होते तसे लिहिले. कॅसेटी कमी पडत होत्या, तेव्हा सरांचा नियम बाजूला सारून त्याच कॅसेटींवर पुढच्या बायकांचे बोलणे भरले. त्या कागदांच्या गठ्ठ्याला मी लाल फीत बांधली होती. इतकी मी खूश होते.

बरे झाल्यावर सर पहिला कागद घेऊन गुढियारी वस्तीत शेवंताबाईंकडे निघाले, मीही सोबत होते. शेवंताबाईंचे यजमान रेल्वेत गँगमन होते. शेवंताबाईंनी जो सिनेमा सांगितला होता, त्याच्या शेवटी पडद्यावर नवऱ्याने टाकलेली बाई विहिरीत जीव देते. सर वाचत गेले, शेवंताबाई पदराने हात पुसत ऐकत राहिल्या. शेवट आला आणि त्यांचा हात थांबला. त्या म्हणाल्या, "सर, मी तं तिले मारलंच नव्हतं."

मी मध्येच बोलले, की सिनेमात ती मरतेच. शेवंताबाईंनी माझ्याकडे पाहिले. "बाई काहून मरन? पोट्टी घरी वाट पाहून राहिली ना तिची."

मग ते हळूहळू कळले. शेवंताबाईंच्या धाकट्या बहिणीने गावी विहीर जवळ केली होती. तिची मुलगी शेवंताबाईंनीच वाढवली. त्या मुलीला तो सिनेमा त्यांनी कितीदा तरी सांगितला होता, आणि दर वेळी बाई विहिरीच्या काठावरून घरी परत यायची. सरांनी हात जोडले आणि परत एकदा सांगता का म्हणून विचारले. त्या उठल्या. "तुमाले पायजे तसं लिवा. मी नाई सांगत आता." त्यांनी चहा मात्र केला. मी तो तसाच ठेवून उठले. पुढे त्यांनी कुणालाच सिनेमा सांगितला नाही, असे त्यांच्या भाचीकडून कळले. दोन वर्षांनी त्या गेल्या.

घरी परतताना रेल्वे फाटकापाशी सरांनी विचारले, बाकीच्यांतही असेच केलेस का? मी होकाराची मान हलवली. कॅसेटी? मी म्हटले, त्यांवर पुढच्या बायका आहेत. सर फाटक उघडेपर्यंत मालगाडीकडे पाहत उभे होते. त्यांनी मला एक शब्दही रागाचा ऐकवला नाही. रागावले असते तर बरे झाले असते, असे मला आजही वाटते.

नव्या राज्यातली एक संस्था ते पुस्तक छापणार होती. छत्तीसगढच्या बोलींच्या मालिकेत आपल्या रायपुरी मराठीला पान मिळणार होते. आजारापूर्वी पाठवलेली सुरुवातीची प्रकरणे सरांनी परत मागवली. कारण विचारले तेव्हा, माझे काम कच्चे आहे, एवढेच कळवले. त्या मालिकेत आपली बोली आली नाही. पुस्तक नाही म्हणून सरांना विभागप्रमुखपदही मिळाले नाही. मला त्यांनी दुसरा विषय दिला आणि माझ्या प्रबंधाचे पान न् पान वाचले. माझे वडील गेले तेव्हा आपल्या पत्नीला, आमच्या काकूंना, घेऊन ते तेरा दिवस रोज संध्याकाळी आईजवळ येऊन बसले. माझ्या नोकरीसाठी त्यांनी लिहिलेल्या पत्रात 'विश्वासू' असा शब्द होता. तो वाचून मी न्हाणीघरात जाऊन रडले.

एका चर्चासत्रात मी व्यासपीठावर होते, सर पहिल्या रांगेत. एका पाहुण्याने पुस्तकावरून त्यांना भर सभेत टोमणा मारला. सभागृह हसले. सरांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले, मग उठून म्हणाले, "आळशी माणूस आहे मी, काय करणार." मी तेव्हा तोंड उघडायला हवे होते. मी समोरचा पाण्याचा पेला उचलला.

सरांची दृष्टी आता जवळजवळ गेली आहे. हा लेख त्यांच्याच रीतीप्रमाणे मी त्यांना चौबे कॉलोनीत जाऊन वाचून दाखवला. शेवंताबाईंच्या घरापर्यंत आल्यावर त्यांनी हात वर केला. "हे काढून टाक. काहून लिहून राहिली तू? तुले नोकरी आहे, विद्यार्थी आहेत."

मी म्हटले, "सर, सांगणाऱ्याचं बोलणं आपण बदलत नाही."

त्यांनी वर केलेला हात खाली घेतला. मग म्हणाले, हव. पुढे वाच. वाचून झाल्यावर त्यांनी मला शेवंताबाईंचा सिनेमा सांगायला लावला. ती टेप ऐकलेली मी एकटीच; भाचीला सांगताना शेवंताबाई घरी परतल्यानंतरचा भाग दर वेळी नवा करायच्या. मी सांगू लागले. बाई विहिरीच्या काठावरून माघारी वळली, पोरीच्या हाकेने धावत घरी आली, आणि तिथे मी अडले. त्यापुढे टेपवर बरेच काही होते. बाई घरी येऊन काय करते, पोरीला काय म्हणते, हे शेवंताबाईंनी रंगून सांगितले होते. मी ते चूक म्हणून गाळले होते आणि आता ते मला आठवत नाही. मी पुन्हा पुन्हा विहिरीपासून सुरू केले. सरांनी चाचपडत माझा हात धरला.

"आठवेल. घाई नको करू. मी आहे ना अजून."

सरांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांना उत्तम प्रकृती आणि भरपूर आयुष्य लाभो, असे आपण सारेच म्हणणार आहोत. मीही म्हणते, पण माझ्या म्हणण्यात स्वार्थ आहे. सरांनी मला दिलेला एकही शब्द आजवर मोडलेला नाही. हाही त्यांनी मोडू नये.