मॅडमच्या केबिनमधली अंडी

कोंबडीच्या अंड्यात रक्तवाहिन्या उमलताना ज्यानं पाहिल्या नाहीत, त्यानं फार मोठं नाटक चुकवलं. पातळ पडद्यावर लाल फांद्या पसरत जातात आणि मधोमध टाचणीच्या डोक्याएवढं हृदय टुकटुक करतं. त्या फांद्यांवर एका झाडपाल्याचा अर्क टाकून त्या आखडतात का, एवढंच आम्हाला पाहायचं होतं. पण सोलापूरच्या मे महिन्यात आमचं एकही अंडं तिथवर पोचत नव्हतं.

आम्ही म्हणजे दोघं. चाळिशी उलटल्यावर पीएचडीच्या नादी लागलेला मी, आणि विणकर घरातली, एम.एस्सी.ला असलेली एक मुलगी. तिचा राग तेलुगूत सुरू व्हायचा आणि मराठीत संपायचा. गाइड मॅडमनी तिला बजावलं होतं, "शनिवारी रक्तवाहिन्यांचा एक धड फोटो दाखव, नाहीतर विषय बदल." म्हणजे तिची सगळी मेहनत पाण्यात.

दुकानातल्या अंड्यांच्या कोंबड्यांनी कोंबडा पाहिलेलाच नसतो, त्यांत पिल्लू कुठून धरणार? म्हणून मी मंद्रूपच्या बाजारात गावरान अंडी शोधत हिंडलो.

"कोंबडीबरोबर कोंबडा असतो ना?" मी अंडीवालीला विचारलं.

"असतो की! सायेब, तुमाला अंडी पायजेत का सोयरीक जमवायचीय?"

सगळा बाजार हसला. मी अंडी मांडीवर घेऊन एसटीनं परतलो.

पण आमच्या इन्क्युबेटरला फक्त तापवता यायचं, थंड करता यायचं नाही. आणि दुपारी प्रयोगशाळा त्याच्याहून गरम! आधीची सगळी अंडी अशीच गेली होती.

"सर, आपण उबवत नाही, उकडतोय," ती म्हणाली. "मीठ-मसाला तेवढा राहिलाय."

विभागात एसी एकच, मॅडमच्या केबिनमध्ये. चेहरा शक्य तितका केविलवाणा करून मी परवानगी मागितली. इन्क्युबेटर मॅडमच्या टेबलाशेजारी विराजमान झाला आणि अंडी खरोखरच वाढू लागली. शुक्रवारी टॉर्च धरला, तर कवचामागं लाल जाळं! मुलगी नाचायचीच बाकी होती.

शनिवारी सकाळी मॅडमनी आमच्यादेखत केबिन उघडली. आत भट्टी. एसी बंद, इन्क्युबेटर बंद. जाताना मेन स्विच बंद करा, अशी सूचना मॅडमनीच दारावर लावली होती आणि शेवटी बाहेर पडल्या होत्या त्याच.

मुलीनं एक अंडं फोडलं. लाल फांद्या काठापर्यंत पसरलेल्या! हृदय चालू! बंद खोलीच्या उकाड्यानं रात्रभर अंडी उबवली होती. तिनं लगेच फोटो काढला.

मॅडमनी तो बराच वेळ पाहिला. "फोटो सुंदर आहे. पण वापरता येणार नाही. तापमानाची नोंदच नाही. पद्धत म्हणून काय लिहिणार? सोलापूर?"

मुलीचे डोळे भरले. "म्हणजे विषय गेला, मॅडम?"

मी फक्त दारावरची ती सूचना मोठ्या आवडीनं वाचत राहिलो.

मॅडमनीही तिकडं पाहिलं. मग चष्मा पुसला. "विषय राहू दे," त्या म्हणाल्या. "अंडी मात्र नव्यानं लावा."

ती हसली. मी मात्र कपाळावर हात मारला. मंद्रूपला परत मलाच जायचं होतं, आणि ती अंडीवाली आता पत्रिकाच मागणार होती.