रॅलीच्या गाडीचं घरगुती व्हॅल्युएशन

कासुर्डीत आप्पांच्या शेडमध्ये दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. मॉडेल एकच, रंगही एकच, पांढरा. सोळाशे सीसीची स्पोर्टी सेदान. दोन हजार सालच्या आसपास आमच्या भागात अशी गाडी गेली की माणसं वळून बघायची.

"साहेब, पोराची गाडी इकायचीय. दोन्हीचं येगयेगळं मोल सांगा," आप्पा म्हणाले.

मी शिरूरचा व्हॅल्युअर. म्हणजे जुनी गाडी तपासून तिची बाजारातली किंमत लिहून देणारा. त्या रिपोर्टवर पतसंस्था कर्ज द्यायची.

एक गाडी आप्पांची, रोजच्या वापरातली. दुसरी त्यांच्या मुलाची, सुनीलची, रॅलीसाठी, म्हणजे मोटारींच्या शर्यतीसाठी तयार केलेली. तिला मागची सीट नव्हती, एसी नव्हता. छताखाली लोखंडी पाइपांचा पिंजरा होता. त्याला रोलकेज म्हणतात. गाडी उलटली तर ड्रायव्हर वाचावा म्हणून तो बॉडीला वेल्डिंग केलेला असतो. सस्पेन्शन कडक, क्लच इतका जड की गर्दीत पाय भरून यावा. या कामावर सुनीलने गाडीच्या किमतीएवढाच खर्च केला होता.

मी आकडे सांगितले. रोजची गाडी तीन लाख, रॅलीची सव्वा.

जास्त खर्च केलेली गाडी स्वस्त कशी, हे आप्पांना पटेना. मी समजावलं. रेसचं सामान रेस करणाऱ्यालाच कामाचं. घरगुती गिऱ्हाईकाला मागे सीट लागते, विमा लागतो. शिवाय शर्यतीत गाडी किती आपटली, याची खात्री कोण देणार?

सुनील तिथंच उभा होता. वर्षभरापूर्वी एका रॅलीत त्याच्या मणक्याला मार बसला आणि डॉक्टरांनी शर्यत कायमची बंद केली. तो म्हणाला, पुण्यातला एक रेसवाला ही गाडी ओळखून आहे, लाखाला न्यायला तयार आहे.

तो घरात गेल्यावर आप्पांनी मला शेडबाहेर नेलं. पोरगा रोज संध्याकाळी त्या गाडीत जाऊन बसतो, म्हणाले. रेसवाल्याकडे गेली तर हाही तिच्यामागं जाईल.

"घरगुती माणसाला देऊ. रेसचं समदं काढून टाकू. पोराचा नाद सुटंल, मला दुसरं काय नको."

मला त्यांचं म्हणणं पटलं. कामांची यादी मीच करून दिली. रोलकेज कापा, मागची सीट बसवा, रॅलीचे चार टोकांचे बेल्ट काढून साधे लावा.

महिन्याभरात गाडी चकचकीत झाली. गिऱ्हाईकही मिळालं. कारेगावला राहणारा संजय, रांजणगावच्या एका कारखान्यात मशीन ऑपरेटर. त्याच्या कर्जासाठी व्हॅल्युएशन माझ्याकडेच आलं.

नेहमीप्रमाणे मी बॉडीवर लोहचुंबक फिरवलं. ड्रायव्हरच्या बाजूच्या पिलरवर, म्हणजे दोन दारांमधल्या खांबावर, ते चिकटेना. याचा अर्थ तिथं पुट्टी भरलेली. रोलकेज कापताना पत्रा फाटला होता आणि वरून लिंपून रंग मारला होता. बेल्टचा बोल्ट त्याच जागी होता.

रिपोर्टच्या तळाशी शेरा लिहायला जागा असते. तिथं दोन ओळी लिहायच्या होत्या. गाडी रॅलीत वापरलेली आहे, पिलरची दुरुस्ती करून घ्यावी. पण लिहिलं की कर्ज अडणार आणि गाडी परत शेडमध्ये जाणार. आप्पा समोर बसले होते. मी जागा रिकामी सोडली, दोन लाख साठ हजार किंमत लिहिली आणि सही केली.

पाच महिन्यांनी न्हावऱ्याच्या रस्त्यावर संजयपुढे म्हैस आडवी आली. गाडी झाडावर गेली. वेग फार नव्हता. साध्या गाडीत बेल्टने त्याला धरलं असतं. इथं बोल्ट पुट्टीसकट उपटून आला. संजय स्टिअरिंगवर आदळला. दोन बरगड्या मोडल्या आणि उजव्या मनगटाचा चुरा झाला. शेजारी बायको होती, ती थोडक्यात वाचली.

मी कारेगावला त्याच्या खोलीवर गेलो. तो पलंगावर बसला होता, हात प्लास्टरमध्ये. पिलरचं मी स्वतःहून सांगितलं. 

"म्हंजी तुम्हाला ठावं व्हतं?"

"होय."

"मला गाडीतलं काय कळतंय, साहेब. मी तुमचा कागद बघून घेतली."

त्याची बायको चहा घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. कप तसाच घेऊन ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी पतसंस्थेला सगळं लिहून दिलं. त्यांनी मला पॅनेलवरून, म्हणजे त्यांच्या व्हॅल्युअरच्या यादीतून काढलं, ते बरोबरच होतं. आप्पांनी गाडी पुऱ्या किमतीला परत घेतली, दवाखान्याचा खर्च केला आणि गाडी भंगारात तोडायला लावली. मग सुनील शिरूरला माझ्याकडे आला. भांडला नाही.

"त्या रेसवाल्यानं आधी पिलरच बघितला असता," एवढंच म्हणाला.

संजयचं मनगट पुन्हा नीट वळलं नाही. कारखान्याने त्याला मशीनवरून स्टोअरमध्ये हलवलं. आता तो माल मोजून घेतो, डाव्या हाताने लिहितो.

दोन वर्षांनी मला दुसरीकडे काम मिळालं. तेव्हापासून मी शेरा आधी लिहितो, किंमत नंतर. किंमत चुकली तर घेणाऱ्याचे पैसे जातात आणि पैसे भरून देता येतात.