आठ मात्रांची शांतता

बनारसच्या आमच्या वाद्यवृंदाचे संचालक, म्हणजे आमचे गुरुजी, तीस वर्षांत कुणावर ओरडले नाहीत. वादक चुकला की ते हात थांबवून चष्मा पुसत बसत, आणि तेवढ्यानंच व्हायोलिनवरच्या माझ्या बोटांना घाम फुटे. मला म्हणत, "घाई कसली, भैया? गंगा काय पळून चाललीय?"

त्यांच्या एका रचनेत बासरी थांबली की सगळ्यांनी आठ मात्रा गप्प राहायचं असे. त्या शांततेवर त्यांचा भारी जीव. दशाश्वमेध घाटावर त्यांच्या निरोपाच्या कार्यक्रमात मी, अर्थातच, पाचव्या मात्रेला गज ओढला. गुरुजींनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि हात उचलून सगळा ताफा माझ्या चुकीमागे आणला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

महिन्याभरानं गुरुजी पाहुणे म्हणून तालमीला आले. नवे संचालक त्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग ऐकून तयार होते. "शांतता चारच मात्रांची ठेवू," ते म्हणाले. "गुरुजींनी शेवटी तसाच बदल केला होता. हो ना, गुरुजी?"

खरं सांगायला मी उठलो, पण एरवी घाई करणाऱ्या मला नेमका इथे उशीर झाला.

"चारच," गुरुजी म्हणाले. "बैस रे, भैया."