आत्याचे धवले आणि प्लेअरचं अपडेट

करंजाड्याच्या आमच्या घरात टीव्हीखाली एक काळा चपटा डबा आहे. होम थिएटरचा डिस्क प्लेअर. मला त्याचा तिटकारा आहे. लोक म्हणतात, निर्जीव वस्तूवर कसला राग काढायचा? त्यांनी एकदा त्या डब्याला इंटरनेट जोडून दाखवावं, मग बोलू.

आमच्या मूळ गावी, गव्हाणला, सरकारने जमिनी घेतल्या आणि पैसे आले, तेव्हा गावात घरोघरी होम थिएटर आलं. कोपऱ्याकोपऱ्यात स्पीकर, सोफ्यामागे धडधडणारा बास, आणि पाहुणा आला की चहाच्या आधी त्याच्यापुढे घरातल्या लग्नाची डिस्क. पाहुण्याची सुटका नसे. कोणाचा मेव्हणा कसा नाचला आणि कोणत्या काकीने कोणती साडी नेसली, हे सगळं बघूनच त्याने उठायचं. मी ऑफिसात जाणारा, स्वतःला या सगळ्यापेक्षा शहाणा समजणारा. तरी माझ्या लग्नात मीही तेच केलं. कळंबोलीच्या शूटिंगवाल्याने साधी डीव्हीडी नको, एकदम एचडी देतो म्हणून मखमली पेटीत डिस्क दिली. ती चालवायला घेतलेला पहिला प्लेअर लवकरच बिघडला आणि दुकानदाराने त्याच्या जागी हा डबा गळ्यात मारला. तोवर बायकोला लग्नातली स्वतःची केशरचना आवडेनाशी झाली होती, त्यामुळे डिस्क या डब्यात कधी गेलीच नाही. गणपतीत आरत्यांची सीडी लावायची, एवढंच त्याचं काम.

तुळशीचं लग्न झालं आणि गव्हाणहून आत्या आली. वडिलांची धाकटी बहीण. पिशवीत दोन लुगडी, म्हणजे मुक्कामाची तयारी. तिच्या नातीचं लग्न ठरलं होतं आणि तिला माझ्या लग्नाची डिस्क बघायची होती.

कारण साधं नव्हतं. आमच्याकडे लग्नात भटजी फार उशिरा लागतो. मांडव उभा राहतो तिथपासून हळद उतरेपर्यंत सगळं धवलारणीच्या हातात. ती धवले गाते. मांडवाचा वेगळा, उंबराच्या फांदीचा वेगळा, हळद दळायचा वेगळा, लावायचा वेगळा. कुठे लिहिलेलं काही नाही. धवलारीण ओळ उचलते आणि मागच्या बायका ती धरून पुढे नेतात. आमच्या घरात मोठी आत्या उचलायची आणि ही धाकटी मागून धरायची. जन्मभर असंच चाललं. मग मोठी आत्या वारली, आणि नातीचं लग्न ठरल्यावर हिच्या लक्षात आलं की आता ओळ उचलायची कोणी.

"मना मागचं सगलं येतं रे बाला," ती म्हणाली. "पयलं नाय येत. पयलं तीच घ्यायची."

मुलाने तिला सांगितलं होतं की कशाला डोक्याला ताप, डीजेवाल्याकडे पेन ड्राइव्हमध्ये धवले आहेत, ठेक्यावर वाजतात, पोरं नाचतात पण. त्या दिवसापासून ती मुलाशी नीट बोलत नव्हती. नातीला हळद लागताना आपण गायचं, हे तिच्या मनात नात जन्मल्यापासून होतं. आणि मोठ्या आत्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत गायलेलं आमच्या घरातलं शेवटचं लग्न माझं होतं. पुढच्या सगळ्या लग्नांत मांडवाच्या दिवशीच स्पीकरच्या भिंती उभ्या राहिल्या. म्हणजे तिची बहीण जर कुठे गाताना सापडणार असेल, तर त्या मखमली पेटीत.

मी मोठ्या रुबाबात डिस्क पुसली, आत सरकवली. डबा घरघरला आणि पडद्यावर अक्षरं आली: ही डिस्क चालवण्यासाठी सॉफ्टवेअर अपडेट करा, इंटरनेट जोडा.

माझ्या लग्नाची डिस्क, माझ्या पैशाने घेतलेला डबा, माझं घर. आणि आत काय आहे ते मला दाखवायचं की नाही, हे हा कुठल्या तरी परदेशातल्या कंपनीला विचारून ठरवणार. मला तिथेच शिसारी आली. पण आत्या सोफ्याच्या कडेला अंग चोरून बसली होती आणि तिला वाटत होतं की मी शिकलेला आहे.

मेनू उघडला. तारेने की बिनतारी, असं त्याने विचारलं. बिनतारी म्हटलं तर म्हणे त्यासाठी वेगळं उपकरण घ्या, आणि ते उपकरण आता कोणी विकत नाही. तारेने म्हटलं तर आमचा वायफायचा डबा बसवणाऱ्याने दाराच्या वर, चपलांच्या कपाटाच्या डोक्यावर लावलेला. तो तिथेच का, तर त्याच्याकडची वायर तिथेच संपली होती. पनवेलच्या बाजारात जाऊन लांब वायर आणली. ती दारापासून टीव्हीपर्यंत हॉल ओलांडून आडवी पडली. बायको म्हणाली, "आता कोणी पडलं ना, तर त्याचंही शूटिंग करून ठेवा."

वायर जोडली. मग सुरू झाली ती किळसवाणी चौकशी. देश कोणता, भाषा कोणती, वेळ काय. रिमोटवर खालचा बाण दाबला की दोन घरं उतरायचा आणि वरचा दाबला की ढिम्म. एक अक्षर लिहायला अख्खी बाराखडी पालथी घालायची. ईमेल द्या म्हणाला. दिला. चुकीचा म्हणाला. पुन्हा दिला. मग पानंच्या पानं अटी आल्या, बारीक अक्षरांत, आणि खाली फक्त 'मान्य आहे'. अमान्य म्हणायची सोय होती, पण ते दाबलं की पुन्हा देश कोणता. इतका निगरगट्टपणा मी सरकारी कचेरीतही पाहिलेला नाही. तिथे निदान समोरच्याच्या तोंडाकडे बघून बोलता येतं.

मधेच कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. बराच वेळ सनई ऐकवून झाल्यावर एका गोड आवाजाने हिंदीत सांगितलं की आपलं मॉडेल फार जुनं आहे, आपण नवीन घेण्याचा विचार करावा. मी विचारलं, याचं अपडेट मिळतं की नाही. तर म्हणे मिळतं, पण चालेलच असं नाही.

हे सगळं होईतो आत्याने चहा घेतला नाही. सुरू झाल्यावर घेईन म्हणाली.

शेवटी सगळं मान्य करून झाल्यावर डब्याने आपलं खरं पोट दाखवलं. अपडेट उतरवून घ्यायला त्याच्याकडे जागाच नव्हती. समोरच्या खाचेत पेन ड्राइव्ह लावा म्हणाला. म्हणजे इतका वेळ ज्याने माझी कुंडली मागितली, त्याच्याकडे पाहुण्याला बसवायला पाटसुद्धा नव्हता. ऑफिसचा पेन ड्राइव्ह रिकामा केला आणि खाचेत घातला. जाईना. उलटा करून घातला, जाईना. टॉर्च मारून आत पाहिलं तर काहीतरी तपकिरी ठासून भरलेलं. सुईने उकरलं, तेव्हा बाहेर आली उदबत्तीची काडी. एक नाही, चांगल्या तीन-चार, जळून तुटलेल्या, वर कुंकवाचा थर.

आमच्याकडे दसऱ्याला घरातल्या प्रत्येक यंत्राची पूजा होते. फ्रिजला फूल, मिक्सरला फूल, स्कूटरला हार. आणि दसऱ्याला आत्या हटकून आमच्याकडे असते. या डब्याच्या तोंडावर तिला ती चौकोनी खाच दिसली असणार, आणि उदबत्तीला इतकी बेतशीर जागा आयती मिळाल्यावर उदबत्तीचं वेगळं घर कशाला मांडायचं?

मी काडी हातात धरून तिच्याकडे पाहिलं. ती जराही ओशाळली नाही.

"पूजाच क्येली ना?" ती म्हणाली. "त्याला काय दगड मारला?"

बायको स्वयंपाकघरात जाऊन हसली. मला हसू येत नव्हतं. सुई, चिमटा, दात घासायचा जुना ब्रश, सगळं वापरून मी ती खाच साफ केली. हाताला कुंकू, नखांत राख. पेन ड्राइव्ह एकदाचा बसला. पडद्यावर निळी पट्टी सरकू लागली, मुंगीच्या पावलाने. मधे वीज जाऊ नये म्हणून आत्याने देव्हाऱ्यापाशी हात जोडले आणि मी, जो कधी जोडत नाही, मीही मनातल्या मनात जोडले. पट्टी भरली, डबा विझला, पेटला, आणि डिस्क घरघरली.

लग्न सुरू झालं. गुलाबाच्या पाकळ्यांतून आमची नावं आली, बदामाच्या आकारात आम्ही दोघे फिरलो. आत्या पुढे सरकून जमिनीवर, पार टीव्हीजवळ बसली. मग मांडव दिसला, आणि मांडवाच्या मेढीजवळ मोठी आत्या. हिरवं लुगडं, कपाळावर आडवं कुंकू, मागे चार बायका, त्यांत ही धाकटी. मोठ्या आत्याने हात उचलला, तोंड उघडलं.

आणि तिच्या तोंडून हिंदी सिनेमातलं गाणं बाहेर आलं.

पाचही स्पीकरांतून. बास सोफ्यामागे धडधडायला लागला. मी पुढे पळवलं. हळदीचं जातं, वर दुसरं गाणं. उंबराची फांदी, वर तिसरं. शूटिंगवाल्याने मांडवातला आवाज सगळा पुसून टाकला होता आणि त्या जागी आपल्याकडची गाणी भरली होती, जशी तो सगळ्यांच्या लग्नात भरत असणार. मोठी आत्या जीव ओतून गात होती आणि तिच्या ओठांवर कुठली तरी नटी कंबर हलवत होती. मला इतकी घाण वाटली की हातातला रिमोट भिरकावून द्यावासा वाटला. त्या शूटिंगवाल्याची, डब्याची आणि माझीही, कारण ही डिस्क मी पूर्वी पाहिली होती आणि तेव्हा मला त्यात काही खटकलं नव्हतं.

आत्या मागे न बघता म्हणाली, "आवाज बंद कर."

मी बंद केला. "पयल्यापासून लाव," ती म्हणाली.

मोठ्या आत्याने पुन्हा हात उचलला, तोंड उघडलं. धाकटी तिच्या ओठांकडे बघत होती. स्वतःचे ओठ तिने तसेच केले, आवाज न काढता. मला पुन्हा मागे घ्यायला लावलं. पुन्हा. मग एकदम तिच्या घशातून पहिला शब्द आला, आणि शब्दामागून ओळ आली, आणि ओळ आल्यावर पुढचं तर तिला येतच होतं. मांडवाचा धवला तिने पुरा गायला. उंबराचा गायला. हळद दळायचा गायला. बायको दारात येऊन उभी राहिली होती.

हळद लावायच्या धवल्याला मोठ्या आत्याने वाटीत बोटं बुडवली, मान वर केली, ओठ उघडायला लागले आणि कॅमेरा फिरला. माझ्या ऑफिसातले मित्र नाचत होते. शूटिंगवाल्याला ते जास्त आवडले असावेत, कारण तो तिथेच राहिला. तो परत वळला तेव्हा हळद लावून झाली होती आणि मोठी आत्या पदराला हात पुसत होती. मी मागे घेतलं, पुन्हा बघितलं, पुन्हा मागे घेतलं. दर वेळी तेच मित्र नाचले. त्यांतल्या एकाचंही तोंड मला आज बघवत नाही.

आत्या उठली. "ऱ्हाऊ दे," म्हणाली आणि गार झालेला चहा प्यायली.

नातीच्या हळदीला गव्हाणला गेलो. डीजेवाल्याला आत्याच्या मुलाने स्वतःच मांडवाबाहेर बसवलं होतं, आईच्या तोंडाला घाबरून. मी तिथल्या शूटिंगवाल्याकडे गेलो आणि म्हटलं, आत्या गाईल तेव्हाचा आवाज ठेव. तो हसला. आवाज आम्ही वापरतच नाही साहेब, म्हणाला, गाणी नंतर टाकतो. मग मी माझा फोन घेऊन बायकांच्या घोळक्यात आत्याजवळ उभा राहिलो.

तिने मांडवाचा धवला उचलला, उंबराचा उचलला, हळद दळायचा उचलला. एकही ओळ चुकली नाही. मग वाटी पुढे आली. नातीच्या कपाळाला पहिली हळद लावायची वेळ झाली. मागच्या बायका तिच्या तोंडाकडे बघत थांबल्या. आत्याने वाटीत बोटं बुडवली आणि तीही थांबली. कोणी तरी कुजबुजलं की विसरली वाटतं.

"इथं एक हाय," आत्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "तो मना येत नाय. मोठी गायची."

तिने न गाताच नातीच्या कपाळाला हळद लावली, आणि मग पुढचा धवला उचलला.