अण्णांची सावली

आम्ही सांडलेल्या धान्यावर वाढलो. वडील, म्हणजे अण्णा, कळंबच्या मोंढ्यात हमाल. पोत्यांतून खाली पडलेली ज्वारी आई झाडून घरी आणायची, चाळायची, निवडायची. तरी भाकरीत खडा यायचाच. दाताखाली कचकन वाजलं की अण्णा म्हणायचे, "खा गुमान. खडा काय पोटात उगवत न्हाय."

अण्णांनी कधी घड्याळ बांधलं नाही. पोत्यांच्या थप्पीची सावली वजनकाट्यापाशी आली की सौदे सुरू होणार, हे त्यांना ठाऊक असायचं.

घरातला पहिला ग्रॅज्युएट मी. हे मी छाती काढून सांगतो. पण पदवीदानाला मी अण्णांना नेलं नाही. "घरच्यांना आत सोडत नाहीत," असं सांगितलं. साफ खोटं. सगळ्यांचे आईवडील आले होते. मला त्यांच्या विटक्या सदऱ्याची लाज वाटली होती. "बरं, फोटू तरी काढून आण," एवढंच ते म्हणाले. काळ्या झग्यात, बाहेर उन्हात काढलेला माझा एकट्याचा तो फोटो घरात भिंतीवर लागला.

आता मी पुण्यात सिनेमाच्या कामात आहे. कम्प्युटरवर बनवलेला वाघ खऱ्या रस्त्यावर उभा करायचा, तर तो आमच्याकडे थराथरांत येतो. त्याच्या अंगावरचं ऊन वेगळं, आभाळाचा मंद उजेड वेगळा, जमिनीवरची सावली वेगळी. एकेका थराला पास म्हणतात. ते एकावर एक बसवून, कमीजास्त करून, वाघ त्याच उन्हात उभा आहे असं वाटायला लावणं हे माझं काम. पायाखालची सावली चुकली की वाघ हवेत तरंगतो.

गेल्या दिवाळीत अण्णा म्हणाले, "पिच्चरमधी वाघ घालतोस, मग मला घाल की तुझ्या त्या फोटूत."

"वाघ परवडला," आई म्हणाली. "तुमाला बघून झगेवाले पळतील."

अण्णांनी पेटीतून एक पांढरा सदरा काढून घातला. मी त्यांना दारात उभं करून मोबाइलवर फोटो काढला. सदऱ्यावर घडीच्या रेघा होत्या. त्या मी कम्प्युटरवर पुसून टाकल्या. वाघाच्या एका सावलीवर मी चार दिवस घासले होते. अण्णांना अर्ध्या तासात माझ्या शेजारी चिकटवलं, मोबाइलवरच्या फोटोतल्या सावलीसकट. घरात कोणाला कळतंय, म्हटलं.

अण्णांनी तो फोटो हातभर लांब धरून बघितला.

"तुझी सावली इकडं, माझी तिकडं. तू सकाळचा, म्या सांजचा. एका उन्हात न्हाय आपण."

पुण्यात येऊन मी पुन्हा बसलो. या वेळी रीतसर. जुनी सावली काढली, सकाळच्या उन्हाचा पास वेगळा केला, सावलीचा वेगळा, टाचेखालचा काळोख वेगळा. अण्णांचे पाय जमिनीवर टेकले. फोटो इतका खरा झाला की मलाच बघवेना. सावलीचा थर बंद केला की अण्णा तरंगायचे, चालू केला की त्या दिवशी ते तिथं होतेच असं वाटायचं. खोटं मी आधीच बोललो होतो. आता ते पक्कं करून देत होतो.

फोटो घेऊन घरी गेलो. अण्णांनी दोघांच्या सावल्या बोटानं तपासल्या. "आता बसलं," ते म्हणाले.

माझ्यानं राहवलं नाही. "अण्णा, त्या दिवशी घरच्यांना आत सोडत होते. मीच तुम्हाला नेलं नाही. तुमच्या कपड्याची लाज वाटली."

आईनं हातातली चाळणी खाली ठेवली. अण्णांनी फोटोतल्या सदऱ्यावर बोट ठेवलं.

"ह्यो सदरा त्याच दिवसासाठी शिवला होता म्या," ते म्हणाले. "घडी मोडली न्हवती कवा."

ज्या रेघा मी पुसल्या, त्या त्याच घडीच्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मोंढ्यात गेलो. अण्णांनी तोच सदरा घातला. मी पदवीचा कागद त्यांच्या हातात दिला आणि शेजारी उभा राहिलो. फोटो आईनं काढला. कोपऱ्यात तिचं बोट आलंय. अण्णांनी कागद उलटा धरलाय, ते फोटो काढल्यावर दिसलं. मी काही दुरुस्त केलं नाही.

कम्प्युटरवर केलेला फोटो मी काढून टाकला. भिंतीवर आता मोंढ्यातला हा आहे. दोघांच्या सावल्या एकाच बाजूला पडल्यात.