मंग तो रिपोर्ट कोनाचा?

"सगळंच शेअर करून टाक ना, काहून नखरे करून राह्यली?" आमचे सर हे बोलले तेव्हा मला नुसता राग आला होता. आता ते वाक्य आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

यवतमाळच्या एका छोट्या कंपनीत मी प्रोग्रॅम लिहिते. दारव्ह्याच्या एका लॅबसाठी आम्ही सॉफ्टवेअर केलं होतं. तिथले नमुने नागपूरच्या मोठ्या लॅबला जायचे. रिपोर्ट तयार झाला की आमचा प्रोग्रॅम तिथल्या सर्व्हरवरून तो ओढायचा, त्यातला निष्कर्ष उचलायचा आणि वर पेशंटचं नाव टाकून मराठीत मेसेज पाठवायचा. पण सगळं रखडत चालायचं, कारण प्रत्येक पेशंटसाठी वेगळं कनेक्शन, आणि प्रत्येक कनेक्शन सर्व्हरचा पत्ता नव्याने शोधणार, सुरक्षेची बोलणी नव्याने करणार.

त्यावर उपाय होता. डेटाची ने-आण करणारी जी लायब्ररी आम्ही वापरत होतो, तिच्यात एका कनेक्शनने साठवलेली माहिती दुसऱ्यालाही वापरू देण्याची सोय आहे. काय काय सामायिक करायचं ते आपण एकेका ओळीत सांगायचं. मी पत्ता सामायिक केला, सुरक्षेची बोलणीही सामायिक केली, दोघांनी एकदम हात घालू नये म्हणून कुलूपही लिहिलं. कुकी मात्र ज्याची त्याच्याजवळ ठेवली. कुकी म्हणजे सर्व्हरने दिलेली ओळखीची चिठ्ठी. ती जो दाखवेल त्याला तो चिठ्ठीवरच्या पेशंटचा रिपोर्ट देतो, दाखवणारा कोण हे विचारत नाही. मी सरांना म्हटलं, "सर, पाण्याचा माठ घरात सगळ्यांचा असतो, पण औषधाची गोळी ज्याची त्याचीच असते ना?"

"कुलूप लावलं ना तू? मंग झालं," म्हणे. अहो, कुलूप एका वेळी एकालाच आत सोडतं. आतली चिठ्ठी कोणाची आहे ते कुलपाला काय कळणार! किती डोकं फोडलं त्यांच्यापुढे. शेवटी मी रजेवर गेले आणि लॅबवाल्याला वेग दाखवायचा म्हणून सरांनी कुकी सामायिक करायची ती एक ओळ स्वतः घातली. मला सांगायचीसुद्धा गरज वाटली नाही त्यांना.

रजा काढली होती याडीसाठी. आमच्या दिग्रसजवळच्या तांड्यावर आईला याडी म्हणतात. तिच्या छातीत गाठ लागत होती, आणि तपासणीचा तुकडा त्याच दारव्ह्याच्या लॅबमध्ये दिलेला होता. मेसेज माझ्याच मोबाईलवर आला. वर याडीचं नाव, खाली निष्कर्ष: कर्करोगाच्या पेशी आढळल्या. ते मराठी वाक्यही मीच लिहून ठेवलेलं.

याडी रडली नाही. तिने पेटी उघडली आणि चांदीचे दागिने वाटायला घेतले. कडी मोठ्या वहिनीला, हार धाकटीला. दोघी हुंदके देत नको नको म्हणत होत्या. केसांत घालायची घुगरी तिने माझ्या मुठीत दाबली आणि मी गेल्यावर भांडू नका म्हणाली. मी ती घुगरी पर्समध्ये टाकली आणि तिला यवतमाळला डॉक्टरांकडे घेऊन गेले.

डॉक्टरांनी नागपूरहून मूळ रिपोर्ट मागवून घेतला होता. "कोन म्हनलं कॅन्सर? साधी गाठ आहे. काढून टाकू."

मी तिथेच रडायला लागले. याडी मात्र डॉक्टरांकडे बघत राहिली. "सायेब," ती म्हणाली, "मंग तो रिपोर्ट कोनाचा?"

मी तिला सोबत आलेल्या मोठ्या वहिनीजवळ बसवून तडक ऑफिस गाठलं. कोड उघडला, आणि ती ओळ तिथे होती. एकीची चिठ्ठी वापरायच्या आत दुसरीची येऊन तिच्या जागी बसत होती. याडीला यादीत तिच्या मागे असलेल्या बाईचा निष्कर्ष गेला होता, त्या बाईला तिच्या मागचीचा, आणि असं ओळीने सगळ्यांना. मी सरांना म्हटलं, आत्ताच्या आत्ता सगळ्यांना फोन करू.

"तुह्या आईचा चांगला निघाला ना? मंग काहून बोंबलून राह्यली? लॅबवाल्याले समजलं तर काम जाते आपलं. ओळ काढ आन् चूप बस."

ओळ मी काढली. चूप बसले नाही. सरांच्या नाकासमोर बसून एकेकाला फोन लावले, पाठवलेला निष्कर्ष खरा धरू नका, डॉक्टरांकडून मूळ रिपोर्ट बघून घ्या म्हणून सांगितलं. सर मधे मधे ओरडत होते, ओरडू दे. याडीच्या मागच्या बाईचा फोन तेवढा लागेना. लॅबमधून तिचा पत्ता घेतला आणि दारव्ह्याची बस धरली. बसभर मी सरांना मनातल्या मनात शिव्या घालत होते. माणसाच्या जिवापेक्षा ह्यांना काम मोठं!

बाई दारातच तूर पाखडत होती. याडीच्याच वयाची.

"कोन पाह्यजे, बाई?"

"लॅबच्या कामासाठी आले."

तिचा चेहरा उजळला. सूप बाजूला ठेवून ती लगबगीने आत गेली आणि कागदाच्या पुड्यातून पेढा घेऊन आली. "तोंड गोड करा पह्यले. माहा रिपोर्ट चांगला आला ना! आख्ख्या गल्लीत वाटले पेढे."

पेढा हातात घेऊन मी उभी राहिले. सरांसाठी जमवलेल्या सगळ्या शिव्या ओठांवर होत्या, आणि त्यातली एकही इथे कामाची नव्हती.

"मावशी," मी म्हटलं, "आधी तुम्ही बसा."