तळमजल्यावरची कोरियन

गोदीत तिला सगळे दुभाषीबाई म्हणत. घरी नवरा म्हणे, "आमची ही दोन तोंडांनी बोलते, पण माझं ऐकायला एक कान मोकळा नाही." तिचा नियम एकच होता आणि तो तिने कधी मोडला नव्हता. समोरचा 'मी' म्हणाला की आपणही 'मी' म्हणायचं. 'साहेब असं म्हणतात' ही भानगड नाही. एकदा एका मिशाळ रशियन खलाशाने आनंदाची बातमी दिली, तेव्हा हिनेच सगळ्यांसमोर गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "मी काल बाप झालो." गोदी दिवसभर हसत होती.

वीसेक वर्षं रशियन जहाजांवर तिचं बरं चाललं होतं. मग ती जहाजं यायची कमी झाली, दुरुस्तीचा कारखाना एका कोरियन कंपनीने घेतला आणि वरून निरोप आला: कोरियन येत असेल तर राहा. चाळिशी उलटल्यावर नवी लिपी गिरवायची म्हणजे म्हातारपणी दात येण्यासारखंच. पण नशीब बघा, कोरियन तिच्याच इमारतीत, तळमजल्यावर राहत होती.

तळमजल्यावरच्या आजी चेहऱ्याने कोरियन आणि बोलण्याने रशियन. त्यांचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी कोरियाच्या उत्तरेकडचं गाव सोडून रशियन मुलखात गेले आणि तिथलेच झाले. लहानपणी घरात कोरियन, शाळेत आणि नंतर कारखान्यात रशियन. म्हातारपणी त्या लेकीबरोबर या बंदराच्या गावी राहायला आल्या होत्या. लेक इथे औषधांच्या दुकानात कामाला होती. तिला कोरियनचा एक शब्द येत नव्हता, कारण शाळेत पोरीला कोणी हसू नये म्हणून आजी तिच्याशी रशियनच बोलल्या होत्या.

"शिकवते की," आजी म्हणाल्या. "पण फी घेईन."

"सांगा ना, आजी."

आजींनी आधी चहा ओतला. "माझी आई शेवटी रशियन विसरली होती. सगळं पुसलं गेलं, लहानपणची भाषा तेवढी राहिली. मला ती समजायची, म्हणून बरं. माझं तसं झालं तर माझ्या लेकीला काही कळायचं नाही. तेव्हा तू यायचंस आणि मी काय म्हणते ते तिला सांगायचंस. एवढीच माझी फी."

"असं काही होत नाही हो," बाई म्हणाली.

"होत नाही तर तुझं फुकटात शिकून होईल," आजी म्हणाल्या आणि पहिला धडा सुरू झाला.

धडे चालायचे भाजी निवडता निवडता. बाईचं डोकं आधी दोन भाषांची तुलना करण्यातच गेलं. रशियन नमस्कार म्हणजे तोंडात खडे भरून बोलायचं, कोरियन नमस्कार लांबलचक, पण जिभेला कुठे खरचटत नाही. रशियनमध्ये शब्द हवा तिथे टाका, विभक्ती अंगावर लेऊनच तो येतो, त्यामुळे कोण कोणाला रागावतंय ते चुकत नाही. तिन्ही लिंगंही आपल्यासारखीच. कोरियनमध्ये लिंगांची कटकट नाही, पण क्रियापद शेवटी, तेही आपल्यासारखंच. साहेब यंत्र ठेवणार की परत पाठवणार, हे वाक्य संपेपर्यंत देवालाच ठाऊक. रशियन माणसाला मान द्यायचा तर त्याच्या बापाचं नाव माहीत हवं आणि कोरियन माणसाला द्यायचा तर त्याचं वय.

"गंमतच आहे," ती आजींना म्हणाली. "एकीचं नाक आमच्या घरातलं, दुसरीचे डोळे आमच्या घरातले. आणि दोघी एकमेकींना ओळखत नाहीत."

"माझ्या घरात ओळखतात," आजी म्हणाल्या. "भांडतातसुद्धा."

ते खरं होतं. भाषा बदलली की आजीच बदलायच्या. रशियनमध्ये त्या ओरडायच्या, "खिडकी लाव!" तेच कोरियनमध्ये म्हणायच्या, "आज वारा जरा जास्तच आहे, नाही का?" बाई दोन-तीनदा "हो ना" म्हणून बसून राहिली. मग तिला उमगलं की कोरियनमध्ये आजींनी वाऱ्याचं नाव काढलं की आपण मुकाट्याने उठायचं.

गोदीतली पहिली मोठी बैठक आली. लांब टेबल, इस्त्रीचे शर्ट, तरुण कोरियन इंजिनिअर. बाईने घसा साफ केला आणि पंपाच्या बिघाडाचं सगळं दुखणं अस्खलित कोरियनमध्ये सांगितलं. टेबलाच्या टोकाला एकजण फिस्सकन हसला, मग दुसरा, मग साथच पसरली. चूक कुठे झाली ते तिला कळेना. मुख्य इंजिनिअरने रुमालाने डोळे पुसले आणि सांगितलं, "बाई, चूक एकही नाही. पण तुम्ही माझ्या आजीसारखं बोलता. ती उत्तरेकडच्या खेड्यातली होती. तिच्यानंतर हे बोलणं मी आज ऐकतोय. फक्त ती पंपाबद्दल बोलायची नाही."

नोकरी राहिली, पण कंपनीने तिला शहरी कोरियनच्या वर्गाला घातलं. तिथल्या शिक्षिकेने पहिल्याच दिवशी सुनावलं, "आधीचं सगळं विसरा. ते बोलणं आता कोणी बोलत नाही. त्याने तुमचं हे बिघडेल."

बाईला ते पटलंही. आठवडाभर ती तळमजल्यावर थांबली नाही, पर्समध्ये किल्ली शोधल्यासारखं करत जिना चढून जायची. मग एका संध्याकाळी आजींनी दार उघडलं आणि कोरियनमध्ये म्हणाल्या, "हल्ली जिना फार लवकर संपतो वाटतं." बाई शरमली, चप्पल काढून आत गेली. शिकवणाऱ्याचंच विसरायचं म्हणजे ज्या ताटात जेवलो त्यातच थुंकायचं, असं तिने नवऱ्याला सुनावलं. नवऱ्याने काही विचारलंही नव्हतं. तेव्हापासून तिच्याकडे दोन कोरियन झाल्या, एक ऑफिसची, एक तळमजल्यावरची. शिक्षिका म्हणत होती तसं बिघडायचंही अधूनमधून. बैठकीत एखादा खेडवळ शब्द निसटायचा आणि मुख्य इंजिनिअर खाली मान घालून हसायचा.

अशी काही वर्षं गेली. एके सकाळी आजी मोरीत पडल्या. मेंदूत रक्तस्राव झाला होता. इस्पितळात भेटायची परवानगी फक्त घरच्यांना होती, म्हणून बाई रोज लेकीला फोन करून विचारायची. लेक म्हणायची, "शुद्धीवर आहे, आराम करतेय." मग एका दुपारी लेकीचा बांध फुटला. ती रशियनमध्ये म्हणाली, "आई सारखी काहीतरी बडबडतेय. डॉक्टर म्हणतात, हे शब्दच नाहीत, नुसते आवाज आहेत. फोनवरच्या भाषांतराच्या यंत्रालाही काही कळलं नाही. माझ्याकडे बघून बोलते आणि मला..."

"मी निघालेच," बाई म्हणाली. हातातलं काम तिने तसंच टाकलं.

लेकीने दारावरच्या रखवालदाराशी भांडून तिला आत घेतलं. खोली अरुंद होती. एक पलंग, सलाईनचा खांब, पलीकडे पडदा. लेक पलंगाच्या कठड्याला धरून उभी होती, पायांना सूज आलेली. आजींचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, पण बोलणं चालू होतं, पुन्हा पुन्हा तेच. बाईने कान ओठांजवळ नेला. आवाज जड होता, पण कोरियन तीच होती, भाजी निवडतानाची, टेबलाभोवती हशा पिकवणारी.

"या खोलीत बसायला काही नाही का?" आजी म्हणत होत्या. "पोरगी केव्हाची उभी आहे. तिचे पाय दुखत असतील."

बाई लेकीकडे वळली. नियमाप्रमाणे ती आई झाली आणि आडवळणाचं ते बोलणं तिने रशियनच्या सरळ आज्ञेत सांगितलं. "पोरी, किती वेळ उभी राहशील? पाय दुखतील तुझे. बस बघू."

लेक बघतच राहिली. "आई हे म्हणत होती? इतके दिवस?"

"हो."

पडद्यामागच्या पेशंटच्या नातेवाइकाने न सांगता आपलं स्टूल पुढे सरकवलं. लेक बसली आणि आजींची बडबड थांबली. मग बाई मध्ये उभी राहून कधी आई होत होती, कधी लेक. औषध कडू आहे, ही तक्रार तिने केली. घरच्या कुंड्यांना पाणी घातलंय, असंही तिनेच सांगितलं. "माझ्याशी ही भाषा का नाही बोललीस गं?" हे तिनेच विचारलं आणि "तुला कोणी हसू नये म्हणून" हे उत्तरही तिनेच दिलं. टेबलाभोवतीचे सगळे ज्या बोलण्याला हसले होते तेच आपण शिकलो ते बरं झालं, वर्गातल्या शिक्षिकेचं आपण ऐकलं नाही ते त्याहून बरं झालं, असं तिला मनापासून वाटलं. हे उपकार कोणाचे मानायचे तेही तिला ठाऊक होतं. त्या आजी समोरच होत्या.

आजींनी डोळे तिच्याकडे वळवले. हळूच म्हणाल्या, "ही पण केव्हाची उभीच आहे."

भाषांतर करायला बाईने तोंड उघडलं. दोन्ही भाषा येत असून तिच्या तोंडून एक शब्द फुटेना. लेकीने आईकडे पाहिलं, बाईकडे पाहिलं आणि काही न विचारता स्टुलावर बाजूला सरकून जागा करून दिली.